उतारावरचा न्यूट्रल

भोरच्या एसटी स्टँडबाहेर वडापच्या जीपा उभ्या राहायच्या, तिथून दोन हजार सालानंतर तुम्ही कधी सारोळ्याला गेला असाल, तर जलीलनं तुम्हाला हाताला धरून बसवलं असणार. "चला किकवी, सारोळा! एकच शीट ऱ्हायलीया, एकच!" एक शीट म्हणजे कमीत कमी पाच, हे भोरकरांना पाठ होतं. तरी माणसं बसायची. उन्हात ताटकळण्यापेक्षा दुसऱ्याच्या मांडीवर अर्धं बसून जाणं लोकांना परवडायचं.

कुठली जीप आधी सुटणार, कुठली मागून, याचे नंबर लावणं हे जलीलचं काम. जीपवाले त्याला मानायचे. कुणाच्या गाडीचा क्लच घसरतोय, कुणाचा टायर गुळगुळीत झालाय, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. पण दिवसभर जीपांच्या गराड्यात वावरणारा हा माणूस स्टेअरिंगला बोट लावत नसे. कुणी म्हणालं, "जलीलभाई, जरा दोन फूट पुढं घ्या की गाडी," तर तो दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायचा. नवख्यांना गंमत वाटायची. जुन्यांना कारण ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात वाईकडून भोरला येताना आंबाडखिंडीच्या उतारावर जलीलची जीप दरीत गेली होती. आत सतरा माणसं. त्यातली तीन जागच्या जागी संपली. जलीलशेजारी बसलेला सोनबा, सोनबाच्या पलीकडे खिडकीशी बसलेली भिमा, आणि मागच्या पायरीवर लटकलेला कोंडिबा दूधवाला. बाकीचे हातपाय मोडून घेऊन वाचले.

भिमा ही चिमाजीची बायको. आणि चिमाजी हा जलीलचा जिवाभावाचा दोस्त, भोरमधला ब्रेकचा मिस्त्री. त्याच्या हातचा ब्रेक म्हणजे निर्धास्त, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. अपघाताच्या आठच दिवस आधी त्यानं जलीलच्या जीपला नवे लायनर टाकून दिले होते. म्हणून तर त्यानं बायकोला माहेराहून परत यायला दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसू दिलं नव्हतं.

पोलिसांनी दवाखान्यात विचारलं, गिअर कुठला होता? जलील म्हणाला, "दुसरा. ब्रेक मारला, लागलाच न्हाई." गाडी तपासायला आलेल्या साहेबांना ब्रेक जळून काळेठिक्कर पडलेले दिसले. त्यांनी कागदावर बिघाड लिहिला. खटला काही वर्षं रेंगाळला आणि जलील सुटला. चिमाजीवर कुणी खटला घातला नाही. घालायची गरजच पडली नाही. भिमाचं तेरावं झालं आणि तो जलीलच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. "माज्याकडनंच कायतरी ऱ्हायलं असंल, जलीलभाई," एवढंच म्हणाला. जलीलनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी चिमाजीनं पाने-पकडी पोत्यात भरून एका भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि गॅरेजचं फळकूट कायमचं लावून तो सारोळ्याला निघून गेला. तिथं नीरेच्या पुलाजवळच्या एका रसवंतीवर ऊस सोलायला लागला. एवढा हाताचा माणूस, आणि कोयता घेऊन ऊस सोलत बसला!

आता घाटातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. उतार लागला की वडापवाले गाडी न्यूट्रलला टाकत. मग गाडी आपल्या वजनानं खाली यायची आणि डिझेल वाचायचं. उतारावर डिझेल जाळतो तो अडाणी, अशी सगळ्यांची समजूत. हे धोक्याचं आहे हे प्रत्येकाला कळत होतं आणि प्रत्येक जण करत होता. गिअर गाडीला मागून ओढून धरतो. न्यूट्रलला ते ओढणं संपतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात. तापले की धरत नाहीत, मग ते कितीही चांगल्या मिस्त्रीनं बसवलेले असोत.

त्या दिवशी जलीलनं खिंड ओलांडल्या ओलांडल्या गाडी न्यूट्रलला टाकली होती. गाडी जिथून दरीत गेली त्या उंबराच्या वळणाच्या जरा आधी पाय दाबला तर ब्रेक दगडासारखा कडक. त्यानं दुसरा गिअर टाकायची धडपड केली, एवढ्या वेगात तो पडेना. मागच्या माणसांना गप्पांच्या नादात काही कळलं नाही. गिअरजवळ बसलेले दोघंही गेले. "दुसरा" हा शब्द त्याच्या तोंडून घाबरून निघाला होता, तो काही विचार करून बोलला नव्हता. पण पुढं नऊ वर्षं त्यानं तो मागं घेतला नाही, ते मात्र पुरता विचार करूनच.

माणूस जगायचा म्हणजे त्याला काहीतरी धरायला लागतं. जलीलनं धरलं होतं ते एवढंच: गिअरात असती तरी गाडी गेलीच असती. ब्रेकच संपले होते, तिथं गिअर काय करणार? हे तो स्वतःशी इतक्या वेळा बोलला होता की त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. त्याच्या जोरावर तो जेवला, झोपला, शाहीन नावाच्या लेकीचं लग्न लावून दिलं. बायको रुकसाना, तिलाही त्यानं खरं सांगितलं नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तहसील कचेरीतल्या गंगाधररावांचा मुलगा सौमित्र गळ्यात माईक अडकवून स्टँडवर उगवला. पुण्यात एका कंपनीत तो कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचा. त्याला जुन्या डिझेल जीपचे आवाज हवे होते, आणि सगळ्यांनी त्याला जलीलकडं बोट दाखवलं.

"खेळात एक अख्खा मुलूख आहे, चाचा," तो सांगू लागला. "डोंगर, गावं, घाट, बाजार. खेळणाऱ्यानं हवं तिकडं जायचं, हवी ती गाडी घ्यायची."

"आन् मग करायचं काय?"

"काहीही. फिरायचं."

"नुसतं फिरायचं? असले लई हायेत हितं स्टँडवर. त्यांना कोन पगार देत न्हाई."

सौमित्र हसला, पण चिवट होता. आवाज घेतले, चार प्रश्न विचारले, आणि पुढच्या रविवारी जलीलला पुण्याला घेऊन गेला. ऑफिसात टेबलावर खेळण्यातलं वाटावं असं स्टेअरिंग होतं, खाली तीन पेडल, बाजूला गिअरची काडी. समोर पडद्यावर डोंगर. हे काही खरं स्टेअरिंग नव्हे, अशी स्वतःची समजूत घालून जलील नऊ वर्षांत पहिल्यांदा बसला. दोन मिनिटांत त्यानं तोंड वाकडं केलं.

"हिला वजनच न्हाई. साबनाची वडी हाय ही. आन् माणसं कुठं हायेत?"

"माणसं नाहीत. ड्रायव्हर एकटाच."

"रिकामी जीप म्या जल्मात चालवली न्हाई. सतरा माणसं बसव, मग इचार."

सौमित्रनं सतरा माणसांचं वजन बसवलं. तिथून दोघांचं जमलं. मागं पायरीवर माणसं लटकली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात पोकळ लागतं, हे जलीलनं सांगितलं. भरलेली जीप वळणावर आधी बाहेर कलते आणि वळण संपलं तरी लगेच सरळ होत नाही, जरा रुसून राहते. ब्रेक सारखा दाबला की आधी करपल्याचा वास येतो आणि मग पेडल कडक होतं. "वासाचं काय करू, चाचा?" सौमित्र म्हणायचा आणि बाकीचं सगळं वहीत लिहून घ्यायचा. रविवारमागून रविवार गेले. गाडी हळूहळू जीप होत गेली. जलील घरी येऊन रुकसानाला आज काय काय दुरुस्त केलं ते सांगायचा. एवढं बोलताना तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

खेळाला एक घाट हवा होता. आंबाडखिंड घे, असं जलीलच म्हणाला. सौमित्र जाऊन फोटो काढून आला. मग उंबराचं वळण हुबेहूब हवं म्हणून जलील हटून बसला. रस्ता तिथं दरीकडं कललेला आहे, तो कल तसाच पाहिजे; वळणाच्या आत खडी सुटलेली असते, ती पाहिजे. सौमित्रला भोरमधलं सगळं ठाऊक होतं. अपघात झाला तेव्हा तो शाळेत होता. त्यानं एकदा जलीलकडं पाहिलं आणि काही न विचारता कल दिला, खडी टाकली. जलीलनं त्या वळणापर्यंत मात्र गाडी कधी नेली नाही. दरवेळी खिंडीतून परत फिरायचा.

इकडं ऑफिसात वेगळीच पंचाईत झाली होती. ही जीप जलीलशिवाय कुणालाच चालवता येईना. पोरं पहिल्याच उतारावर तिला उलटी करायची आणि खदखदून हसायची. सौमित्रच्या वर मैथिली नावाची बाई होती, शांत, स्पष्ट बोलणारी. तिनं बाहेरच्या दहा जणांना बोलावून खेळायला बसवलं. त्यातले नऊ पाच मिनिटांत उठले.

"जीप खरी आहे, मान्य," ती म्हणाली. "पण लोक दिवसभर राबून येतात आणि घटकाभर खेळतात. त्यांना आपण गिअर शिकवत बसायचं का? गाडीनं खेळणाऱ्याला सांभाळून घ्यायला हवं. त्याची चूक झाली तरी गाडी रस्त्यावर राहायला हवी."

"मग घाट कशाला ठेवायचा?" सौमित्र चिडून म्हणाला. "सपाट मैदानच देऊ."

"घाट दिसायला छान आहे," मैथिली म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं. खेळ विकायचा होता, त्यावर वीस घरं चालत होती. सोपी जीप ठरली. खरी जीप सोमवारी काढून टाकायची होती.

रविवारी दुपारी सौमित्रनं जलीलला बोलावलं. ऑफिसात दोघंच. "ही शेवटची, चाचा. हवं तेवढं चालवून घ्या."

जलील स्टेअरिंगवर बसला. मग म्हणाला, "हिचे ब्रेक काडता येत्यात? म्हंजे पाय दाबला तरी काय व्हऊ नये, असं."

सौमित्रनं आकडा बदलला. ब्रेक गेले. जलीलनं दुसरा गिअर टाकला, सतरा माणसांनिशी खिंड ओलांडली आणि पहिल्यांदाच पुढं निघाला. इंजिन कण्हत होतं, गाडी मागं ओढली जात होती, रांगत रांगत खाली येत होती. उंबर आला. जीप बाहेर कलली, डावी चाकं कडेवर गेली, खडी दरीत सांडली. आणि गाडी वळली. पुढं सरळ रस्त्याला लागली.

असेल, हाताला जुनी सवय आहे, असं जलीलला वाटलं. त्यानं पुन्हा वर नेली. पुन्हा वळली. अकरा वेळा त्यानं ती ब्रेक नसलेली जीप खाली आणली आणि अकराही वेळा ती वळली. शेवटी त्यानं सौमित्रला बसवलं, ज्याला साधी मोटारसायकल नीट चालवता येत नव्हती. "दुसऱ्या गिअरात ठेव, बाकी काय करू नगंस." सौमित्रच्या हातूनही वळली.

नऊ वर्षं जे धरून तो उभा होता ते असं दिवसाढवळ्या त्याच्या हातातून सुटलं. गिअरात असती तर गाडी गेली नसती. ब्रेक असोत वा नसोत, तिघं घरी पोचले असते. कुणी म्हणेल, कॉम्प्युटरचं काय खरं मानायचं? पण त्या कॉम्प्युटरला जीप शिकवणारा दुसरा कुणी नव्हता, जलीलच होता. स्वतःच्या साक्षीवर शंका कशी घेणार?

"आता ब्रेक परत टाक," तो म्हणाला. "चांगले टाक, नव्या लायनरचे. आन् न्यूट्रल दे."

"न्यूट्रल ठेवलेलाच नाही, चाचा. उतारावर न्यूट्रलला कोण टाकेल?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. असू दे म्हणून उठता आलं असतं, चहा पिऊन भोरची गाडी पकडता आली असती.

"म्या टाकला व्हता," तो म्हणाला.

सौमित्रनं वळून पाहिलं नाही. तो अर्धा तास पाठमोरा बसून काम करत राहिला, आणि न्यूट्रल देऊन खुर्चीवरून उठला. जलीलनं गाडी सोडली. सुरुवातीला किती हलकं वाटतं, हे तो विसरून गेला होता. आवाज नाही, ओढ नाही. मग वेग वाढला, त्यानं ब्रेक दाबला, सोडला, दाबला, आणि तिसऱ्या वळणाला ब्रेक संपला. उंबराला जीप सरळ गेली. पुन्हा आणली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ती पडायच्या आत त्यानं डोळे मिटून घेतले.

सौमित्रनं आपल्या परीनं मायेनं सोपी जीप लावून दिली. "ह्यात बघा, चाचा. ह्यात कुणीच पडत नाही." जलीलनं तीही न्यूट्रलला सोडली. सोपी जीप भरधाव आली, रस्त्याला चिकटून छान वळली आणि निघून गेली. जलीलनं हात मांडीवर ठेवले.

"मला हीच गाडी मिळाली व्हती, सौमित्र. चूक माजी, आन् सांबाळून घेतलं समद्यांनी. पोलिसांनी, कोर्टानं. चिमानं तर समदं सवताच्या अंगावर घेतलं." आणि मग तो पन्नाशीचा माणूस त्या पोराच्या खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडला.

घरी येऊन त्यानं रुकसानाला सगळं सांगितलं. "मला कशापायी सांगताय?" ती शेवटी म्हणाली. "सारोळ्याला जावा."

सोमवारी त्यानं कुणाच्याही जीपचा नंबर लावला नाही. एका जीपमध्ये मागं कोपऱ्यात बसून तो सारोळ्याला उतरला. रसवंतीच्या मागं चिमाजी उकिडवा बसून ऊस सोलत होता. केस पार पांढरे झाले होते. जलीलला पाहून त्याचा चेहरा खुलला, आणि तेच जलीलला सगळ्यात जड गेलं.

"ये, ये, जलीलभाई. ग्लासभर रस घे."

"आदी ऐक. तुजे ब्रेक चांगले व्हते, चिमा. गाडी दुसऱ्या गिअरात नव्हती. म्या खिंडीतनंच न्यूट्रलला टाकली व्हती."

कोयता चालता चालता थांबला. चिमाजी मिस्त्री होता. त्याला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती.

"खिंडीतनंच?"

"व्हय."

"म्हंजे चार किलोमीटर नुसत्या ब्रेकवर." त्यानं उसाचं कांडं खाली ठेवलं. "मग जळनारच की."

तो आपल्या हातांकडं पाहत राहिला. मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या पुलावरून जात होत्या. जलीलला वाटलं, आता तो कोयता उचलेल, शिव्या देईल, काहीतरी करेल. त्यानं तसं काहीच केलं नाही. मागं त्याच्या राहत्या खोलीच्या भिंतीवर भिमाचा फोटो होता, हार नसलेला, तिकडं त्यानं मान वळवली.

"रोज सकाळी उटलो की हिच्याफुडं हुबा ऱ्हातो," चिमाजी म्हणाला. "'भिमे, चुकलो,' म्हनतो आन् मग तोंड धुतो. नऊ वरसं. एक दिस चुकवला न्हाई. आता उद्या सकाळी म्या हिला काय म्हनू?"

"माजं नाव सांग," जलील म्हणाला. "म्हनावं, जलीलनं केलं."

"तिला काय सांगायचंय?" चिमाजी म्हणाला. "ती गिअरच्या काडीपासनं हातभर लांब बसली व्हती. तुजा हात कुठं गेला, त्ये तिनं बगितलं. सोनबानं बगितलं. तिला म्हाईत हुतं, तुला म्हाईत हुतं. म्हाईत नव्हतं त्ये मला एकट्याला."